राईल्स ट्यूब लागली म्हणून दात घासणे थांबवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोणत्याही वॉर्डात दाखल असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी पाहा. औषधांची पिशवी असते, थर्मास असतो, बिस्किटांचा पुडा, फाइल, एक्स-रेचे मोठे पाकीट असते. टूथब्रश बहुधा नसतो. दाखल होतानाच्या धावपळीत तो घरीच राहतो आणि पुढचे दहा-पंधरा दिवस त्याची आठवण कोणालाच होत नाही. नाकातून पोटात जाणारी नळी (राईल्स ट्यूब) लागली, तर विषयच संपतो. "बाबा जेवतच नाहीत, तं दात कायले घासाचे?" हा प्रश्न नातेवाईक अगदी मनापासून विचारतात. विदर्भातल्या वॉर्डांत तो रोज ऐकू येतो. त्याचे उत्तर सर्वांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

जो तोंडाने जेवत नाही, त्याचे तोंड जेवणाऱ्यापेक्षा लवकर घाण होते. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि त्यातली बरीचशी चावण्यामुळे सुटते. चावणे थांबले की लाळ आटते. जीभ, गाल आणि घास मिळून दातांवरून जी आपोआप पुसापुशी होत असते, तीही थांबते. त्यात रुग्ण तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, ऑक्सिजनचा मास्क असेल आणि नागपूरचा मे महिना असेल, तर काही तासांत जीभ लाकडासारखी होते. दातांवर पांढुरका चिकट थर चढतो. तो कोणी काढला नाही तर काही दिवसांत त्याचे कडक कीटण व्हायला लागते आणि मग ब्रशने निघत नाही.

या थरातले जंतू तोंडातच राहिले असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. आडव्या पडलेल्या, अर्धवट गुंगीतल्या किंवा लकवा झालेल्या माणसाची लाळ झोपेत थोडी थोडी श्वासनलिकेत उतरत राहते. ठसका लागतोच असे नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. स्वच्छ तोंडातली लाळ उतरली तर फुप्फुसे बहुतेक वेळा ती निभावून नेतात. आठ दिवस न घासलेल्या तोंडातली लाळ मात्र रुग्णालयातले चिवट जंतू घेऊन खाली जाते. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनसाठी आलेली आजी हाड नीट बसूनही सातव्या-आठव्या दिवशी तापते आणि छातीत कफ भरतो. अशा न्यूमोनियामागे जी कारणे असतात, त्यात न घासलेले तोंड हे एक असते आणि ते टाळता येते.

याला चांगला पुरावा आहे. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे चाललेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे दात व तोंड प्रत्येक जेवणानंतर काळजीवाहकांनी स्वच्छ केले, त्यांच्यात ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला. ज्यांना नेहमीसारखेच सोडले होते, त्यांच्यात १९ टक्के. डिसेंबर २०२३ मध्ये १५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात रोज ब्रश केलेल्या रुग्णांमध्ये रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला, आणि सर्वाधिक फायदा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना झाला. इतका परिणाम देणारी गोष्ट औषधाच्या दुकानात असती, तर डॉक्टरांनी ती चिठ्ठीवर सर्वांत वर लिहिली असती.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो, कारण चुका तिथेच होतात.

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा घ्यावा. लहान मुलांचा चालतो, बऱ्याचदा तोच बरा पडतो. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरे. ती फ्लोराइडची असावी, पण फार फेस होणारी नसावी. बोटाने मंजन लावल्याने थर निघत नाही. मिश्री किंवा गुडाखूची सवय असलेल्यांना तर ते वॉर्डात देऊच नये, त्यात तंबाखू असते. जोडीला बॅटरी (टॉर्च), ग्लोव्हज, दोन वाट्या, गॉजचे (जखमेच्या पट्टीच्या जाळीदार कापडाचे) तुकडे आणि हनुवटीखाली धरायला टॉवेल.

रुग्णाला बसवता येत असेल तर बसवावे. नाहीतर पलंगाचे डोके ३० ते ४५ अंशांपर्यंत उचलावे. हनुवटी किंचित खाली हवी. मान मागे टाकून तोंड उघडायला लावले की पाणी थेट श्वासनलिकेकडे जाते, आणि घाईत नेमके हेच केले जाते. उठवताच येत नसेल तर कुशीवर वळवून तोंड उशीकडे झुकते ठेवावे, म्हणजे जे काही सुटेल ते गालात साचून बाहेर येईल. नळीतून फीड दिल्यावर लगेच तोंडात ब्रश घालू नये, उलटी होऊ शकते. फीडच्या आधी करावे, किंवा नंतर तासभर थांबावे.

आधी बॅटरीने आत पाहावे. मग रुग्णाला सांगून, तो बेशुद्ध दिसत असला तरी सांगून, ब्रश हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तिरका ४५ अंशांत धरावा आणि छोट्या छोट्या हालचालींनी घासावे. बाहेरची बाजू, आतली बाजू, चावायची बाजू, मग जीभ आणि शेवटी दोन्ही गालांची आतली खोबण. एकूण दोन मिनिटे, दिवसातून दोनदा. त्यातली एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची असावी, कारण लाळ सर्वांत कमी रात्री सुटते.

ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही. ब्रश पाण्यात बुडवून झटकायचा, पेस्ट अगदी नावापुरती किंवा नाहीच, आणि प्रत्येक फेरीनंतर ओल्या गॉजने पुसून घ्यायचे. वॉर्डात लाळ ओढून घेणारे सक्शन मशीन असेल तर सिस्टरना सोबत उभे राहायला सांगावे. बेशुद्ध माणूस अचानक जबडा मिटतो, त्यामुळे दातांच्या मध्ये बोट घालू नये. जीभ दाबायच्या दोन-तीन लाकडी पट्ट्या एकत्र करून गॉज गुंडाळावे आणि मागच्या दाढांच्या मध्ये ठेवावे, तेवढा आधार पुरतो. चिमट्यात कापसाचा बोळा धरून पुसणेही नको. ओला कापूस सुटतो, आणि घशात गेलेला बोळा काढणे फार कठीण असते.

लकवा झालेल्या रुग्णाच्या कमजोर बाजूचा गाल रोज, प्रत्येक जेवणानंतर तपासावा. त्या बाजूला संवेदना बहुधा कमी असते, त्यामुळे पोळीचा तुकडा किंवा भाताची शिते तिथे तासन् तास बसतात आणि रुग्णाला पत्ता नसतो. तोच घास झोपेत घशात घसरतो.

कोरड्या तोंडाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. आठवडाभर उघड्या तोंडाने श्वास घेतलेल्या रुग्णाच्या टाळूवर बॅटरी टाकली, तर तपकिरी, चामड्यासारखा पापुद्रा दिसतो. तो वाळलेल्या लाळेचा, सुटलेल्या त्वचेचा आणि कधी रक्ताचा असतो. नातेवाइकाला वाटते औषधाचा डाग आहे. कोणी नखाने ओढतो आणि भळभळ रक्त येते. तो ओढायचा नाही. गॉज पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवून, पिळून, टाळूवर हलके टेकवून ठेवावे. दर दोन मिनिटांनी गॉज बदलावे. पाच-दहा मिनिटांत पापुद्र्याच्या कडा फुगून उचलू लागतात. मग मागून पुढे अशा दिशेने पुसत आणावे, म्हणजे सुटलेला तुकडा घशाकडे न जाता ओठांकडे येतो. एका बैठकीत पूर्ण निघाला नाही तर उरलेला संध्याकाळी काढावा. पुढे दर दोन ते चार तासांनी तोंड ओले करत राहिल्यास पापुद्रा पुन्हा धरत नाही.

ओले करण्यासाठी साधे पाणी चालते. ज्याला चूळ भरून थुंकता येते त्याच्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून रोज ताजे पाणी करावे. लिंबू आणि ग्लिसरीन लावण्याची जुनी पद्धत आता सोडायला हवी. लिंबाने दातांचे आवरण झिजते आणि ग्लिसरीन कोरडेपणा उलट वाढवते. ओठांना जेल किंवा मलम लावावे, पण ऑक्सिजन सुरू असेल तर पेट्रोलियम जेलीऐवजी पाण्यात विरघळणारे जेल घ्यावे.

इथे एक नाजूक गोष्ट सांगणे भाग आहे. घसा कोरडा पडला म्हणून मायेने तुपाचा थेंब, मधाचे बोट किंवा चमचाभर पाणी रुग्णाच्या तोंडात सोडले जाते. त्यामागची माया आम्हाला कळते. पण गिळण्याची शक्ती गेलेल्या माणसाच्या फुप्फुसात तेल-तूप उतरले तर तिथे ते सहज विरघळत नाही आणि त्यानेच वेगळा न्यूमोनिया होतो. त्याऐवजी ओल्या गॉजने ओठ, जीभ आणि गाल टिपावेत. तहानेचा चटका त्यानेही शमतो.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या माउथवॉशवर फार भिस्त ठेवू नये. आपल्याकडे ते बहुधा ०.२ टक्क्यांचे मिळते. हिरड्या सुजल्या असतील किंवा दात काढल्यानंतर काही दिवस घासता येत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने १० मिलिलिटर एक मिनिट तोंडात खळबळवायचे, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस नाही. दात तपकिरी होतात, चव जाते. पेस्टने घासल्यावर लगेच घेतले तर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यामुळे त्याचा जोर कमी होतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. अमेरिकेतल्या संसर्गनियंत्रण संघटनांनी २०२२ च्या मार्गदर्शनात व्हेंटिलेटरच्या रुग्णांसाठी ब्रश ठेवला आणि क्लोरहेक्सिडीन वगळले, हे अतिदक्षता विभागांनी ध्यानात घ्यावे. दातांवरचा थर घासूनच निघतो, औषध शिंपडून नाही.

आपल्या भागाची वेगळी अडचण म्हणजे खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण. वर्षानुवर्षे खर्रा खाल्लेल्यांच्या गालाची आतली त्वचा पांढरट, ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात, यांच्या तोंडात कधी एकच मावते. चमच्याने जबडा फाकवण्याचा प्रयत्न करू नये, त्वचा फाटते. लहान मुलांचा ब्रश गालाच्या बाजूने आत सरकवावा. पुदिन्याच्या तिखट पेस्टने यांचे तोंड पेटते. सावजी रस्सा राहू द्या, साधे वरणही ज्यांना झोंबते, त्यांना सौम्य चवीची पेस्ट किंवा नुसता ओला ब्रश द्यावा. भूल द्यायची असेल तर तोंड किती उघडते हे भूलतज्ज्ञांना आधी कळलेच पाहिजे, नळी घालताना अडचण येते. हलणारे दातही त्याच वेळी सांगावेत. आणि बॅटरी आत टाकलीच आहे तर गाल, जिभेची कड आणि जिभेखालचा भाग पाहून घ्यावा. दोन आठवड्यांत न भरलेला छाला, लाल किंवा पांढरा चट्टा दिसला तर डिस्चार्जची वाट न पाहता दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. एरवी दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस त्या आठ दिवसांत तिथे असतो, ती संधी वाया जाऊ नये.

कवळीबद्दल. रुग्णालयात हरवणाऱ्या वस्तूंमध्ये कवळीचा नंबर फार वरचा असेल. ती कागदाच्या रुमालात गुंडाळून जेवणाच्या ताटात ठेवली जाते आणि ताटासोबत कचऱ्यात जाते. उशीखाली ठेवली की चादरीसोबत धुलाईला जाते. नवी पूर्ण कवळी करायला साधारण चार-पाच खेपा लागतात, आणि नुकत्याच उठून बसू लागलेल्या माणसाला तेवढ्या खेपा झेपत नाहीत. मग महिना-दोन महिने पातळ खिचडी आणि चहा-बिस्किटावर निघतात आणि वजन उतरते. म्हणून झाकणाचा डबा आणावा, त्यावर नाव आणि बेड नंबर लिहावा. कवळीवरही नाव घालता येते: गालाकडच्या गुलाबी भागावर बारीक पॉलिश पेपर हलके फिरवावा, मार्करने आद्याक्षरे लिहावीत आणि वाळल्यावर रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत.

रात्री कवळी काढायचीच. झोपेतही ती तोंडात राहिली तर टाळू लालभडक होतो, बुरशी धरते आणि न्यूमोनियाचा धोकाही वाढतो. ब्रश आणि साध्या साबणाने घासावी. टूथपेस्टने नको, त्यातल्या कणांनी ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत जंतू बसतात. धुताना खाली पाणी भरलेले भांडे ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. रात्रभर साध्या गार पाण्यात बुडवून ठेवावी. कोरडी ठेवली किंवा उकळत्या पाण्यात टाकली की आकार बिघडतो. कवळी असलेल्यांच्याही हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या गॉजने रोज पुसाव्यात. ऑपरेशनला नेताना, फिट येत असल्यास किंवा शुद्ध हरपत असल्यास कवळी काढून नातेवाइकाच्या हातात द्यावी आणि तशी नोंद करावी. ॲक्रिलिकची कवळी गिळली गेली तर ती साध्या एक्स-रेवर बहुधा दिसत नाही, हे फार कमी लोकांना माहीत असते.

औषधांबाबत थोडक्यात. लघवीच्या घाईवरची, ॲलर्जीची, नैराश्याची आणि पाणी काढण्याची औषधे तोंड कोरडे करतात. फिटवरच्या फेनिटॉइन आणि रक्तदाबाच्या निफेडिपीन, अम्लोडिपीनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरलीच पाहिजे. घासताना रक्त येते म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधे स्वतःहून बंद करू नये आणि घासणेही बंद करू नये. हिरड्यांतून रक्त येण्याचे कारण बहुधा साचलेला थर असतो, मऊ ब्रशने नेमाने घासल्यास ते आठवडाभरात कमी होते. आपोआप वाहू लागले आणि थांबेना, तर मात्र लगेच सांगावे. हाडे ठिसूळ झाल्यावर किंवा कर्करोग हाडात गेल्यावर देतात ती झोलेड्रोनिक ॲसिडची किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी खराब दात काढून घ्यावेत. नंतर दात काढल्यास काहींच्या जबड्याचे हाड उघडे पडते आणि महिनोन् महिने भरत नाही.

विस्मरणाचा आजार असलेला रुग्ण दात दुखतो असे सांगत नाही. तो घास तोंडातून बाहेर काढतो, गालावर हात ठेवतो, घासायला गेल्यास मारायला उठतो. त्याला हट्टी म्हणण्याआधी आत पाहावे. जबड्याखाली सूज, ताप आणि गिळायला किंवा श्वासाला त्रास असे एकत्र दिसले तर ती तातडीची अवस्था आहे, सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नये.

हे सारे सिस्टरांनी करावे, असे म्हणून आम्हाला हात झटकायचे नाहीत. एका सिस्टरकडे किती खाटा असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात दात घासण्याचे काम नातेवाईकच करणार आहे. पण त्याला कोणी दाखवत नाही, आणि केले की नाही हे कोणी विचारत नाही. म्हणून नागपुरातल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांकडे आमचे मागणे असे आहे. ६० वर्षांवरच्या प्रत्येक रुग्णाचे तोंड दाखल होताना उघडून पाहावे. ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणे या आठ बाबींना शून्य ते दोन गुण देण्याची सोपी पद्धत जगभर वापरली जाते. सरावलेल्या हाताला ती काही मिनिटांत जमते आणि त्यासाठी दंतवैद्य असावा लागत नाही. ताप, नाडी, रक्तदाब लिहिण्याच्या कागदावर तोंडाच्या स्वच्छतेचा एक रकाना सकाळ-संध्याकाळ असावा. ज्याचा रकाना रिकामा, त्याच्याबद्दल राउंडवर विचारणा व्हावी. ज्यांच्याजवळ नातेवाईकच नाही, त्यांची नावे पहिल्याच दिवशी वेगळी काढावीत, कारण सर्वांत जास्त हाल त्यांच्या तोंडाचे होतात.

शहरात यासाठी माणसे नाहीत असेही नाही. शासकीय दंत महाविद्यालय मेडिकल चौकात आहे. हिंगणा मार्गावर खासगी दंत महाविद्यालये आहेत. तिथे दरवर्षी इंटर्न, म्हणजे शिकाऊ दंतवैद्य, एक वर्ष काम करतात. त्यांच्या पाळ्या मेडिसिन, अस्थिरोग आणि अतिदक्षता विभागांत आठवड्यातून दोन दिवस लावल्या, तर नातेवाइकांना प्रात्यक्षिक दाखवणे, हलणारे दात शोधणे आणि खाटेवरच कीटण काढणे ही कामे होऊ शकतात. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांसाठी ज्येष्ठांच्या दहा खाटांच्या वॉर्डाची तरतूद आहे. सुरुवात अशा वॉर्डांपासून करता येईल.

तोपर्यंत, आज संध्याकाळी कोणी रुग्णाला भेटायला निघाले असेल तर फळांच्या पिशवीत लहान मुलांचा मऊ ब्रश, कवळीचा झाकणाचा डबा, छोटी बॅटरी आणि गॉजचे एक पाकीट टाकावे. ब्रश वापरून झाल्यावर धुऊन, झटकून उभा ठेवावा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. आणि पहिल्यांदा घासण्यापूर्वी सिस्टरना एकच प्रश्न विचारावा: यांना पाणी गिळता येते का?

आपले,
वृद्ध रुग्णांच्या मुखआरोग्यासाठी काम करणारे काही दंतवैद्य आणि परिचारिका,
नागपूर